जबडा दुखतो म्हणून दाढ उपटण्याआधी

प्रति,
मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या दैनिकात मधुमेह, रक्तदाब आणि गुडघेदुखी यांविषयी वरचेवर वाचायला मिळते. जबड्याच्या दुखण्याविषयी मात्र क्वचितच काही छापून येते. निपाणीत औषधविक्रीच्या व्यवसायात माझे आयुष्य गेले आणि 'जबडा ठणकतोय, जरा जोराची गोळी द्या' हे वाक्य मी सदैव ऐकत आलो. मी डॉक्टर नाही, रोगनिदान करणे माझे काम नव्हे. परंतु जी माणसे डॉक्टरांकडे जाण्याआधी औषधाच्या दुकानात येतात, आणि पुष्कळदा तिथूनच परत जातात, त्यांच्याविषयी मला मनापासून काही सांगायचे आहे. जबड्यात जाणवणाऱ्या दुखण्याचे मूळ दातात असते तसे सांध्यात, स्नायूत, नसेत, लाळेच्या ग्रंथीत आणि कधीकधी थेट हृदयातही असते. ते कुठे आहे याचा माग दुखणे केव्हा येते, कशाने वाढते, किती वेळ टिकते आणि त्याच्या जोडीला आणखी काय होते, यावरून लागतो. जोराची गोळी नेमका हाच माग पुसून टाकते.

सर्वांत जास्त वेळा दुखण्याचे मूळ दातातच सापडते, हे खरे आहे. कीड वरच्या थरात असेपर्यंत थंड पाण्याने किंवा गोडाने क्षणभर कळ येते. ती कीड दाताच्या आतल्या नसेला भिडली की गरम चहानेही कळ उठते, बराच वेळ राहते आणि रात्री आडवे पडल्यावर ठणका वाढून कानशिलापर्यंत जातो. याच टप्प्यावर माणूस गोळ्यांवर दिवस काढतो आणि काही दिवसांनी दुखणे आपोआप थांबते. 'गोळीने गुण आला' असे त्याला वाटते. प्रत्यक्षात दाताच्या आतली नस मेलेली असते आणि मुळाशी पू साठण्याची सुरुवात झालेली असते. काही आठवड्यांनी किंवा महिन्यांनी गाल सुजतो, तेव्हा लोक प्रतिजैविकाच्या चार गोळ्या मागतात, सूज उतरली की उरलेल्या फडताळात ठेवतात आणि पुढच्या सुजेला त्याच काढतात. दात उघडून साफ केल्याशिवाय किंवा काढल्याशिवाय त्या पुवाचा बंदोबस्त होत नाही. गोळी फक्त त्याला मागे ढकलते. वेळेत गेले तर साध्या भरणीत काम होते, थोडा उशीर झाला तर रूट कॅनल करून दाढ वाचते, आणि फार उशीर झाला तर ती काढण्यावाचून गत्यंतर उरत नाही. सुजेवर बाहेरून गरम शेक देण्याची आपल्याकडची सवयही सोडली पाहिजे, कारण पू आत असताना गालावर शेक दिल्याने तो त्वचेकडे पसरण्याची भीती असते. त्याऐवजी कोमट मिठाच्या पाण्याने चुळा भराव्यात आणि दंतवैद्याकडे जावे.

साधारण सतरा ते पंचवीस या वयात अक्कलदाढ अर्धवट वर येऊन हिरडीच्या पदराखाली अन्न अडकते, तिथे सूज येते आणि तोंड उघडणे जड जाते. कॉलेजात जाणाऱ्या मुलामुलींच्या जबडादुखीचे हे नेहमीचे कारण आहे. एवढ्यावर भागले तर ठीक. परंतु दाताच्या दुखण्यात जबड्याखाली किंवा गळ्याला टणक सूज आली, ताप भरला, गिळता येईना, आवाज घोगरा झाला किंवा जीभ वर उचलल्यासारखी वाटू लागली, तर सकाळची वाट पाहू नये. ही सूज श्वासाची वाट बंद करू शकते. त्याच रात्री मोठे रुग्णालय गाठावे.

आठवडी बाजारात 'दातातले किडे काढून दाखवतो' म्हणून बसणारे लोक आता कमी झाले असले, तरी रिंगणीच्या बियांची धुरी देऊन वाटीतल्या पाण्यात पांढरे किडे पाडून दाखवण्याचा प्रकार खेड्यांतून अजून अधूनमधून चालतो. पाण्यात दिसतात ते बियांतून फुटून बाहेर पडलेले कोंब. दाताची कीड हे साखर खाऊन आम्ल तयार करणाऱ्या जंतूंचे काम आहे आणि हे जंतू डोळ्यांना दिसत नाहीत. दुसरी सवय याहून खोल रुजलेली आहे. निपाणी, चिकोडी, हुक्केरी या पट्ट्यात तंबाखू शेतात पिकते, वखारीत भरते, विडी कामगार महिलांच्या सुपात असते, आणि तिथूनच ती औषध म्हणून घराघरांत शिरली आहे. दात ठणकला की तव्यावर तंबाखू भाजून केलेली मिश्री हिरडीला लावायची, ही कित्येक घरांतली पहिली मात्रा. घटकाभर बधिरता येते, बरे वाटते, आणि दुखण्यासाठी धरलेली मिश्री पुढे दुखणे नसतानाही दिवसातून चार वेळा लागू लागते. ज्या हिरडीवर ती वर्षानुवर्षे घासली जाते, त्याच हिरडीवर पुढे पांढरा चट्टा आणि कधी कर्करोग दिसतो. नातीच्या पहिल्या दातदुखीला आजीने मिश्रीचे बोट फिरवू नये, एवढे तरी आपण घराघरांत सांगू शकतो.

संपादक महोदय, मला ज्याविषयी सर्वांत जास्त चिंता वाटते ते कारण म्हणजे सुपारी. विशी-पंचविशीतली मुले दुकानात येऊन 'तोंड आले आहे, बी-कॉम्प्लेक्स द्या' असे म्हणतात. एका तरुणाला मी असाच वारंवार येताना पाहिला. तो गोळी अर्धी मोडून तोंडात सरकवत असे, कारण अख्खी गोळी टाकण्याइतपतही तोंड तो सहज उघडत नव्हता. जेवणात लाल चटणी असली की आग होते, म्हणून भाकरी दुधात कुस्करून खातो, असे त्याने सांगितले. त्याच्या गालाची आतली बाजू पांढुरकी, ताठ आणि निबर झालेली होती. हे तोंड येणे नव्हे आणि जीवनसत्त्वाच्या गोळ्यांनी ते जात नाही. सुपारीतील द्रव्यांमुळे गालाच्या आतील नाजूक अस्तराखाली तंतूंचे जाळे साठत जाते, ताणण्याचा गुण नाहीसा होतो आणि तोंड हळूहळू मिटत जाते. जबडा आवळल्यासारखा वाटणे, कानाजवळ ओढ लागणे, शिट्टी वाजवता न येणे, जीभ पूर्ण बाहेर न येणे ही त्याची पुढची लक्षणे आहेत. ज्यांना हा विकार होतो त्यांतील काहींना पुढे तोंडाचा कर्करोग होतो, म्हणून डॉक्टर याला कर्करोगपूर्व अवस्था मानतात.

पुष्कळ पालक 'आमचा मुलगा तंबाखू खात नाही, नुसती सुपारी किंवा मसाल्याची पुडी खातो' असे समाधानाने सांगतात. त्यांना हे कळणे गरजेचे आहे की, या विकाराला तंबाखूची गरजच नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४ साली तंबाखूविरहित सुपारीलाही मानवात कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात ठेवले. महाराष्ट्राने २०१२ मध्ये आणि कर्नाटकाने २०१३ मध्ये गुटख्यावर बंदी घातली. पण सुपारीचा मसाला एका पुडीत आणि तंबाखू दुसऱ्या पुडीत, अशी जोडी पानपट्टीवर आजही उघड मिळते आणि ग्राहक दोन्ही तळहातावर एकत्र करतो. शाळेच्या आवारापासून शंभर यार्डांच्या आत तंबाखूजन्य पदार्थ विकण्यास २००३ च्या कायद्याने मनाई आहे. आपल्या गावातल्या शाळेच्या फाटकापासून पहिली पानपट्टी किती पावलांवर आहे, हे प्रत्येक वाचकाने एकदा मोजून पाहावे.

या विकाराची घरच्या घरी करता येणारी परीक्षा सोपी आहे. स्वतःच्या हाताची मधली तीन बोटे एकमेकांना चिकटवून, एकावर एक उभी येतील अशी वरच्या व खालच्या पुढच्या दातांमध्ये घालून पाहावीत. मोठ्या माणसाच्या तोंडात ती सहसा जातात. दोनच बोटे जात असतील, आणि त्यातही सुपारीची सवय असेल, तर त्या आठवड्यातच दंतवैद्याला तोंड दाखवावे. सवय तत्काळ सोडली, तोंड उघडण्याचे व्यायाम नेटाने केले आणि डॉक्टरांनी सांगितलेली औषधे किंवा इंजेक्शने घेतली, तर पुढची वाढ थांबू शकते; मात्र आवळलेले तोंड पूर्वीसारखे पूर्ण उघडेलच असे नाही, कारण साठलेले तंतू सहजी विरघळत नाहीत. शेवटच्या टप्प्यात शस्त्रक्रिया करावी लागते. गालात, जिभेवर किंवा हिरडीवर दोन आठवड्यांत न भरणारी जखम, पांढरा वा लाल चट्टा, विनाकारण हलू लागलेला दात, खालच्या ओठाची बधिरता, मानेत न दुखणारी गाठ यांपैकी काहीही असेल, तर 'दुखत नाही ना, मग राहू दे' असे म्हणू नये. कर्करोगाची सुरुवात पुष्कळदा न दुखताच होते.

आता सांध्याकडे वळतो. कानाच्या पाळीसमोर बोट ठेवून तोंड उघडले-मिटले की जबड्याचा सांधा बोटाखाली हलताना जाणवतो. त्याच्या दोन हाडांमध्ये एक लहानशी चकती असते. ती जागेवरून सरकली की तोंड उघडताना 'कट' असा आवाज येतो. दुखत नसेल आणि तोंड नीट उघडत असेल, तर नुसत्या आवाजासाठी उपचाराची गरज नसते. सांधा आणि त्याभोवतीचे स्नायू दुखण्यामागे दात आवळून धरण्याची सवय, झोपेत दात खाणे, एका बाजूची दाढ किडल्यामुळे वर्षानुवर्षे दुसऱ्याच बाजूने चावणे, मानसिक ताण आणि कधी पडल्याझडल्याचा मार अशी कारणे असतात. वीस ते चाळीस वयाच्या स्त्रियांमध्ये हे दुखणे अधिक आढळते. सकाळी उठल्यावर जबडा जड, कानशिले ठणकलेली आणि कान दुखतो म्हणून कानाच्या डॉक्टरांकडे गेल्यावर कान स्वच्छ निघतो, अशी ही तक्रार असते. लहान मूल झोपेत दात खाते म्हणून जंताचे औषध मागायला येणाऱ्या आया मला भेटतात. जंतांमुळेच मूल दात खाते असे धरून चालण्यास आधार नाही आणि मुलांची ही सवय बहुधा वाढत्या वयात आपोआप जाते.

या दुखण्यात समाधानाची गोष्ट अशी की, बहुतेकांचे दुखणे साध्या उपायांनी काही आठवड्यांत कमी होते. कडक भाकरी, दाताने सोललेला ऊस, गोकाकची करदंट ही मिठाई यांना काही दिवस रजा द्यावी आणि आमटीभात, मऊ भाकरी, शिजलेल्या भाज्या खाव्यात. गालाच्या स्नायूवर, दाताचा पू नाही याची खात्री असताना, दहा-पंधरा मिनिटे ओल्या फडक्याने कोमट शेक द्यावा. जांभई येताना हनुवटीला हाताचा आधार द्यावा. ओठ मिटलेले असले तरी वरचे-खालचे दात एकमेकांना टेकलेले नसावेत, हे दिवसभर लक्षात ठेवले तरी फरक पडतो. रात्री दात खाणाऱ्यांना दंतवैद्य मापाची पट्टी बनवून देतात. मात्र जबडा उघडा राहून मिटेनासा झाला, किंवा अचानक अर्ध्यावर अडकून उघडेनासा झाला, तर चोळणे-ओढणे न करता डॉक्टर गाठावा. निखळलेला सांधा जाणत्या हाताने लवकर बसवला तर सोपा जातो.

चेहऱ्याच्या नसेचे दुखणे याहून वेगळे आणि फार क्रूर असते. तोंड धुताना, दात घासताना, घास चावताना किंवा गार वाऱ्याची झुळूक लागताच गालात विजेचा झटका बसावा तशी सणक येते, काही सेकंदांत जाते आणि पुन्हा येते; दोन झटक्यांच्या मधल्या वेळात माणूस ठणठणीत असतो. हे बहुधा पन्नाशीनंतर आणि एकाच बाजूला होते. खेडेगावातल्या एक वयस्क बाई उन्हाळ्यातही पदराने गाल झाकून दुकानात येत असत. त्या बाजूच्या दोन चांगल्या दाढा त्यांनी आग्रहाने काढून घेतल्या होत्या आणि सणक मात्र होती तिथेच होती. नस चेतवली जाते म्हणून दुखत असताना दाढ काढून उपयोग होत नाही. साध्या वेदनाशामकानेही फरक पडत नाही. यावर वेगळी औषधे आहेत, ती मेंदूविकारतज्ज्ञांच्या देखरेखीखाली रक्त तपासून घ्यावी लागतात आणि अनेकांना त्यांनी लक्षणीय आराम पडतो.

हृदयाचे दुखणे जबड्यात उतरते, यावर अजूनही पुष्कळांचा विश्वास बसत नाही. चढ चढताना, उसाची मोळी उचलताना किंवा भरपेट जेवून चालताना खालच्या जबड्यात, गळ्यापाशी किंवा डाव्या खांद्यात आवळल्यासारखे दुखते आणि थांबल्यावर थोड्या वेळात कमी होते, तेव्हा दातापेक्षा हृदयाचा संशय आधी घ्यावा. दाताचे दुखणे चालण्याने वाढत नाही आणि बसल्याने जात नाही. विश्रांती घेऊनही दुखणे थांबत नसेल, दरदरून घाम, धाप, मळमळ, छातीत दडपण किंवा अंधारी येत असेल, तर दंतवैद्य, औषधदुकान आणि शेजाऱ्याची मोटारसायकल या तिन्हींचा विचार सोडून १०८ ला फोन करावा. हा क्रमांक सीमेच्या अलीकडे आणि पलीकडे, कर्नाटकात आणि महाराष्ट्रात, दोन्हीकडे रुग्णवाहिकेसाठी चालतो. मधुमेही व्यक्तींत आणि स्त्रियांत छातीत कळ न येता केवळ जबडा, पाठ किंवा नुसता थकवा एवढ्यावरच झटका येऊ शकतो. घरातली बाई 'काही नाही, दाढ दुखते' म्हणून घाम पुसत चुलीपाशी बसली असेल, तर घरच्यांनी तिचे ऐकू नये.

शेतकरी वर्गासाठी आणखी एक गोष्ट. विळ्याने, खिळ्याने किंवा काट्याने झालेल्या जखमेनंतर काही दिवसांनी जबडा आखडू लागला, दातखीळ बसू लागली, मान ताठ झाली, तर तो धनुर्वात असू शकतो. जखम होऊन तीन दिवसांपासून तीन आठवड्यांपर्यंत केव्हाही त्याची सुरुवात होते आणि तेव्हा घरगुती उपायात एक तासही घालवू नये. मातीत मळलेली जखम झाली आणि मागची लस घेऊन पाच वर्षे उलटली असतील, तर त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्रात जाऊन लस घ्यावी.

दुचाकीवरून पडल्यावर दात पूर्वीसारखे एकमेकांवर बसत नसतील तर हाड मोडल्याची शंका घ्यावी. जेवायला बसताच जबड्याखाली गोळा फुगून दुखत असेल तर लाळेच्या नळीत खडा असू शकतो. वाकल्यावर वरचा जबडा आणि गाल जड होत असेल तर सर्दीने भरलेले सायनस पाहावेत. मुलाच्या कानाखाली सूज येऊन ताप असेल तर गालगुंड. पन्नाशीपुढे चावताना जबडा थकून दुखणे, कानशिलावर हात लावला तरी दुखणे आणि नजर अंधुक होणे या गोष्टी एकत्र आल्या तर त्याच दिवशी डॉक्टर गाठावा, कारण त्यात दृष्टी जाण्याचा धोका असतो. हाडे ठिसूळ झाल्याबद्दल किंवा कर्करोगासाठी हाडांची इंजेक्शने घेणाऱ्यांनी दाढ काढण्यापूर्वी ती गोष्ट दंतवैद्याला आठवणीने सांगावी.

वेदनाशामक गोळ्या वाईट नाहीत; पण मूत्रपिंडाचा विकार, पोटाचा व्रण, वाढलेला रक्तदाब असणाऱ्यांनी आणि गरोदर स्त्रियांनी त्या विचारल्याशिवाय घेऊ नयेत, आणि तीन दिवसांत दुखणे हटले नाही तर चौथ्या दिवसाची गोळी विकत घेण्याऐवजी तपासणी करून घ्यावी. तालुका रुग्णालयात दंतचिकित्सक असतात, आणि बेळगावातील दोन दंत महाविद्यालयांच्या बाह्यरुग्ण विभागांत खासगी दवाखान्यापेक्षा कमी खर्चात उपचार होतात.

आपल्या भागातली एक अडचण यात मिसळलेली आहे आणि ती बोलून दाखवणे भाग आहे. दुखण्याचे वर्णन हेच जिथे निम्मे निदान असते, तिथे खानापूर किंवा निपाणीच्या खेड्यातला मराठी माणूस दक्षिण कर्नाटकातून नव्याने आलेल्या तरुण डॉक्टरांपुढे गालावर बोट ठेवून गप्प बसतो. डॉक्टर मनाने चांगले असतात, पण त्यांना 'सणक' आणि 'ठणका' यांतला फरक कळायला वाव मिळत नाही. घरून निघतानाच दुखणे कधीपासून, कोणत्या बाजूला, कशाने वाढते, किती वेळ टिकते, कोणत्या गोळ्या घेतल्या आणि सुपारी-तंबाखूची सवय किती, हे कन्नड जाणणाऱ्या मुलाकडून किंवा आशाताईंकडून चिठ्ठीवर लिहून घ्यावे. सवय लपवू नये. आरोग्य खात्यालाही माझी विनंती आहे की, सीमाभागातील प्राथमिक आरोग्य केंद्रांत कन्नडसोबत मराठीतूनही फलक लावावेत, त्यावर तीन बोटांच्या परीक्षेचे चित्र आणि १०८ हा क्रमांक असावा, आणि वर्षातून एकदा विडी कामगारांच्या वस्त्यांत व हायस्कुलांत तोंड तपासणीचे शिबिर घ्यावे. असे फलक मराठीत लिहून देण्यास आणि शिबिराच्या दिवशी नावे नोंदवायला बसण्यास मी तयार आहे. आपण हे पत्र छापल्यास औषधविक्रेत्या बंधूंनी ते कापून काउंटरच्या काचेखाली ठेवावे, अशी त्यांनाही विनंती.

आपला विश्वासू,
एक औषधविक्रेता,
निपाणी, जि. बेळगाव